आरोग्यविचार : दुखण्यांतून उठल्यावर

घरांत दुखणें आलें म्हणजे सारें घर जागें होतें. डॉक्टरांकडे खेपा होतात, औषधें आणलीं जातात, उशाशीं कोणी ना कोणी बसलेलें असतें, चार घरांतून विचारपूस होते. पुढें ताप उतरतो, डॉक्टर ‘आतां काळजी नाहीं’ असें सांगतात, आणि त्याच क्षणीं घराचें लक्ष दुसरीकडे वळतें. रोगी बरा झाला असें सर्वांनीं मनांत ठरवून टाकलेलें असतें. परंतु रोग जाणें आणि शक्ति परत येणें या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत. आजार हत्तीच्या पावलांनीं येतो व मुंगीच्या पावलांनीं जातो, असें आपल्या वडील माणसांनीं म्हणून ठेविलें आहे. मुंगीच्या पावलांचा हा जो काळ, त्यांत शरीरास पुन्हां व्यायामाची संवय कशी लावावी याविषयीं या महिन्यांत लिहिण्याचें योजिलें आहे.

या काळांत आमच्या कुटुंबांतून होणाऱ्या चुका मुख्यतः दोन, आणि त्या एकमेकींच्या नेमक्या उलट आहेत. पहिली मायेपोटीं होते. ‘अंगांत त्राण नाहीं, पडून राहा’ असें म्हणत म्हणत आठवड्याचे पंधरा दिवस व पंधरा दिवसांचा महिना होतो, आणि ज्या अशक्तपणासाठीं विश्रांति घ्यावयाची तो अशक्तपणा त्या विश्रांतीनेंच वाढत जातो. दुसरी उतावीळपणानें होते. ताप उतरून दोन दिवस झाले नाहींत तोंच घरांतील तरुण व्यायामशाळेंत जाऊन पूर्वीचींच वजनें उचलूं पाहतो. बुडालेल्या दिवसांची भरपाई एका दिवसांत करावी अशी त्याची ईर्षा असते. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ही म्हण अशांसाठींच आहे. या दोन टोंकांमधला मार्ग अवघड नाहीं. परंतु त्यास थोडें ज्ञान लागतें व पुष्कळसा धीर लागतो.

प्रथम मायेच्या चुकीचा विचार करूं. अंथरुणावर पडून राहणें म्हणजे निरुपद्रवी औषध, अशी समजूत वैद्यकांतहि दीर्घकाळ रूढ होती. गेल्या शतकाच्या पूर्वार्धांत हृदयविकाराचा झटका आलेल्या मनुष्यास चार-सहा आठवडे हालूं न देणें हीच योग्य चिकित्सा समजली जाई. या समजुतीस हादरे बसूं लागले ते १९४० नंतर. १९४४ सालीं अमेरिकेंतील डॉ. विल्यम डॉक यांनीं पूर्ण शय्याविश्रांतीच्या दुष्परिणामांवर लेख लिहिला. १९४७ च्या डिसेंबरांत डॉ. रिचर्ड ॲशर यांनीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें बिछान्याचे धोके अवयवागणिक मोजून दाखविले : पायांच्या शिरांत रक्त साकळतें, फुफ्फुसांत कफ सांचतो, हाडांतील चुना कमी होतो, स्नायू रोडावतात, कोठा जड होतो, आणि सर्वांत वाईट म्हणजे मनाची उमेद खचते. पुढें १९५२ सालीं डॉ. लेव्हाइन व डॉ. लाऊन यांनीं झटका आलेल्या रोग्यांस निजवून न ठेवतां आरामखुर्चींत बसविण्याची पद्धत प्रसिद्ध केली, व आज रुग्णालयांतून शस्त्रक्रियेनंतर शक्य तितक्या लवकर रोग्यास उभें करतात तें याच विचारपरंपरेचें फळ होय.

अंथरुणाची किंमत किती, हें अमेरिकेंतील डॅलस शहरीं १९६६ सालीं झालेल्या एका प्रयोगानें स्पष्ट झालें. विशीच्या उमरीचे पांच निरोगी तरुण तीन आठवडे बिछान्यांत ठेवण्यांत आले. तीन आठवड्यांनीं पाहतां श्रम करतांना प्राणवायु वापरण्याची त्यांची कमाल शक्ति सरासरीनें चतुर्थांशाहून अधिक घटलेली आढळली. याच पांच जणांची तीस वर्षांनीं, म्हणजे त्यांच्या पन्नाशींत, पुन्हां परीक्षा झाली, तेव्हां असें दिसलें कीं तीस वर्षांच्या वार्धक्यानें त्यांची जेवढी हानि केली त्याहून त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणानें अधिक केली होती! परंतु याच प्रयोगाची दुसरी बाजू आशादायक आहे, व ती आम्ही वाचकांनीं विशेष लक्षांत ठेवावी असें म्हणूं. बिछान्यांतून उठल्यावर सुमारें आठ आठवडे त्या तरुणांकडून शिस्तीनें व्यायाम करविण्यांत आला, आणि गेलेली शक्ति सर्वच्या सर्व परत आली. तात्पर्य, दुखण्यानंतरची दुर्बलता ही नशिबाची गोष्ट नव्हे. ती बहुधा भरून निघणारी तूट आहे. मात्र ती आपोआप भरत नाहीं.

वृद्धांची गोष्ट याहून नाजूक. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत निरोगी वृद्ध माणसें अवघे दहा दिवस अंथरुणावर राहिलीं, तेवढ्यानें त्यांच्या पायांतील चरबीविरहित मांसल भाग सरासरी एक किलोच्या घरांत घटला. ज्या आजोबांस आधींच खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठावें लागतें, त्यांच्या पायांतून एक किलो गेलें म्हणजे काय उरलें, याचा वाचकांनींच विचार करावा. पुष्कळ घरीं असें होतें कीं निमोनिया बरा होतो, परंतु आजोबा पुन्हां कधींहि एकटे न्हाणीघरापर्यंत जात नाहींत. सर्वजण वयास दोष देतात. खरा दोष अनेकदां त्या तीन आठवड्यांचा असतो.

आतां उतावीळपणाची चूक. ताप, घसा, खोकला हे अनेकदां विषाणूंचे उपद्रव असतात, आणि त्यांतील कांहीं विषाणु हृदयाच्या स्नायूसहि सूज आणूं शकतात. ही सूज विरळा येते, परंतु आलेली असतां जोराचा व्यायाम केल्यास हृदयाची गति एकाएकीं बिघडून प्राणावर बेततें. म्हणूनच अशा रोग्यांस सामान्यतः तीन ते सहा महिने जोराचा व्यायाम वर्ज्य करण्यास सांगतात. सबब, छातींत दुखणें, धडधड होणें, घेरी येणें, अथवा श्रमाच्या मानानें अवाजवी धाप लागणें, यांपैकीं एकहि लक्षण दिसल्यास व्यायाम तेथेंच थांबवून डॉक्टरांस प्रकृति दाखवावी. एकाच पायाची पोटरी सुजून दुखूं लागली तर तीहि दुर्लक्ष करण्याची गोष्ट नव्हे. पडून राहण्यानें शिरेंत रक्त साकळल्याचें तें चिन्ह असूं शकतें.

मग आरंभ केव्हां करावा? सर्दीपडशासारखें दुखणें नाकाघशापुरतें असेल तर हलकें चालण्यास सहसा हरकत नाहीं. परंतु ताप, अंगदुखी, छातींतील खोकला किंवा जुलाब असतील तर व्यायामाचें नांवहि काढूं नये. कोविडच्या सांथीनंतर, १९२१ मध्यें नव्हे तर अगदीं अलीकडे २०२१ सालीं, तज्ज्ञांनीं असा सल्ला दिला कीं सर्व लक्षणें जाऊन सात दिवस निर्वेध गेल्यावरच व्यायामास हात घालावा आणि प्रत्येक पायरीवर निदान सात दिवस राहावें. इतर तापांनंतरहि हा नियम पाळल्यास तोटा नाहीं.

कांहीं दुखण्यांचे विशेष ध्यानांत ठेवावे. विषमज्वरांत, म्हणजे टायफॉइडांत, आंतड्यांत व्रण पडतात व तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास ते फुटण्याचें भय असतें. म्हणून पोटावर ताण देणारे व्यायाम डॉक्टरांनीं परवानगी देईपर्यंत करूं नयेत. हिंवतापांत पानथरी वाढलेली असली तर ती पूर्ववत् होईपर्यंत कुस्ती, कबड्डी, किंवा पोटास धक्का बसेल असा कोणताहि खेळ वर्ज्य समजावा. काविळीविषयीं मात्र जुना समज सैल करावयास हवा. १९५५ सालीं अमेरिकन सैनिकांवरील अभ्यासाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यांत सक्तीनें निजवून ठेवल्यानें सांसर्गिक कावीळ लवकर बरी होते असें आढळलें नाहीं. थकवा वाटेल तेवढी विश्रांति घ्यावी, परंतु महिनाभर जमिनीस पाय न लावण्याचें व्रत घेण्याचें कारण नाहीं. चिकुनगुन्यानंतर सांधे महिनोन्‌महिने धरतात. तेथें सकाळीं ऊन पाण्यानें शेकून सांधे हळुवारपणें फिरवणें हाच प्रथम व्यायाम. आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या वर्गांतील औषधांनीं क्वचित् टाचेमागील स्नायुबंध दुर्बल होऊन तुटूं शकतो; साठीपुढील माणसांत व स्टिरॉइडें घेणाऱ्यांत हा धोका अधिक. अशीं औषधें घेतलेल्यांनीं कांहीं आठवडे धांवणें, उड्या मारणें टाळावें, आणि टाच दुखूं लागल्यास डॉक्टरांस तत्काळ सांगावें.

आतां व्यायाम किती करावा हा मुख्य प्रश्न. यासंबंधीं आपल्या प्राचीन वैद्यांनीं सांगितलेलें माप आजहि उत्तम आहे. व्यायाम अर्ध्या शक्तीनें करावा असा सुश्रुताचा व वाग्भटाचा अभिप्राय असून, श्वास तोंडावाटे येऊं लागणें, कपाळावर व काखेंत घाम येणें, हीं ती मर्यादा गांठल्याचीं चिन्हें होत. आधुनिक शास्त्र हेंच निराळ्या शब्दांनीं सांगतें : व्यायाम करतांना सोबत्याशीं सबंध वाक्य बोलतां आलें पाहिजे, वाक्य मध्येंच तुटूं लागलें कीं मर्यादा ओलांडली. मात्र यांत एक गोम आहे. ज्याची पूर्वीची मजल चाळीस सूर्यनमस्कारांची, त्यानें दुखण्यांतून उठतांच वीस घालावे, असा याचा अर्थ नव्हे. अर्धी शक्ति म्हणजे आजच्या शक्तीची अर्धी, दुखण्यापूर्वीच्या शक्तीची नव्हे. ही एकच गोष्ट ध्यानीं राहिली तरी पुष्कळ अनर्थ टळतील.

पायऱ्या साधारण अशा असाव्यात. पहिल्या आठवड्यांत दिवसाचा बराच वेळ अंथरुणाबाहेर काढावा; जेवण बसून घ्यावें, घरांतल्या घरांत दिवसांतून पांच-सहा वेळां फिरावें. उठतांना एकदम उभें राहूं नये. पडून राहण्यानें शरीरांतील रक्ताचें प्रमाणहि घटलेलें असतें, म्हणून अंथरुणाच्या कडेस दोन मिनिटें पाय सोडून बसावें, मग उठावें. दुसऱ्या आठवड्यांत सकाळ-संध्याकाळ पांच ते दहा मिनिटें सपाट जागेवर चालावें. तिसऱ्यांत हा वेळ पंधरा-वीस मिनिटांवर न्यावा व एखादा जिना चढून पाहावा. मग चौथ्या आठवड्यापासून स्नायूंचे व्यायाम घ्यावे. एका वेळीं एकच गोष्ट वाढवावी. वेळ वाढविला असेल तर वेग वाढवूं नये. सकाळीं जाग येतांच, उठण्यापूर्वीं, मनगटावरील नाडी मिनिटभर मोजावी. नेहमींपेक्षां ती दहा ठोक्यांनीं अधिक भरली, तर तो दिवस विश्रांतीचा समजून आदल्या पायरीवर परत यावें.

सूर्यनमस्कारांचा प्रघात आमच्या पुष्कळ घरांतून आहे. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं आपल्या संस्थानांतील शाळांतून त्यांचा जो प्रसार केला त्याची आठवण जुन्या कुटुंबांतून अजून निघते. परंतु नमस्कारांत डोकें वारंवार खालीं जातें व वर येतें, त्यामुळें नुकत्याच उठलेल्यास घेरी येते. यास्तव चालण्यानें धीर आल्यावरच त्यांस आरंभ करावा. पहिल्या दिवशीं दोनच, तेहि सावकाश, व आठवड्याला दोन या बेतानें वाढवावे. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांनीं आणि रक्तदाब असलेल्यांनीं भस्त्रिका, कपालभाति असे जोराचे प्रकार डॉक्टरांस विचारल्यावांचून करूं नयेत. संथ दीर्घश्वसन सर्वांस चालतें.

अन्नाविषयीं चार शब्द सांगितल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. आयुर्वेदांत शोधनोपचारांनंतर पेया, विलेपी, यूष या क्रमानें अन्न वाढवीत नेण्याची जी पद्धत आहे तिचें मर्म व्यायामासहि लागू आहे : अग्नि जसा हळूहळू चेतवावा, तसें बलहि. परंतु पेजेचा काळ संपल्यावरहि रोग्यास केवळ मेतकूट-भातावर ठेवणें बरें नव्हे. मऊ भात रुचतो खरा, पण स्नायू बांधावयास प्रथिनें लागतात. आजारांतून उठणाऱ्या वृद्धास वजनाच्या दर किलोस १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनें मिळावींत असें तज्ज्ञ सांगतात. म्हणजे पन्नास किलो वजनाच्या आजीबाईंस दिवसाकांठीं साठपासून पाऊणशें ग्रॅम. एक लिटर दुधांतून सुमारें तेहतीस ग्रॅमच मिळतात, हें लक्षांत घेतां प्रत्येक जेवणांत दाट वरण, उसळ, दहीं, पनीर यांपैकीं कांहीं असणें किती अगत्याचें आहे तें कळून येईल. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनीं मात्र हें प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावें.

आतां घराच्या कर्तव्याकडे वळूं. कारण व्यायाम एकट्यानें करावयाचा असला तरी त्याची सोय साऱ्या कुटुंबानें करावी लागते.

आजोबांना पाण्याचा तांब्या हातांत नेऊन देणें ही सेवा खरी. परंतु दुखणें गेल्यावर तो तांब्या पांच पावलांवर ठेवून त्यांस उठून घ्यावयास लावणें ही अधिक मोठी सेवा आहे. भिंतीशीं टेकविलेल्या भक्कम खुर्चीवरून हातांचा आधार शक्य तितका कमी घेत पांच वेळां उठावें व बसावें, असें दिवसांतून तीनदां केल्यास मांड्यांस बळ येतें. शेजारीं एखादा नातू मोजावयास उभा केला म्हणजे धरावयासहि कोणी राहतें आणि आजोबांस हुरूपहि येतो. वाटेंतील सतरंज्या, वायरी काढून टाकाव्यात. न्हाणीघरांत धरावयास दांडा बसवावा.

सुनेची स्थिति याच्या अगदीं उलट. ती अंथरुणांतून उठते ती थेट ओट्यापाशीं उभी राहते. तिला निराळा व्यायाम कशाला, दिवसभर काम करतेच आहे, असें म्हणणारी माणसें सुशिक्षित घरांतूनहि आढळतात. परंतु काम आणि व्यायाम यांत एक मूलभूत भेद आहे. व्यायाम थकवा आला कीं थांबवितां येतो. काम थांबवितां येत नाहीं. कपाळावर घाम आला म्हणून कोणी पोळ्या अर्ध्यावर टाकून उठत नाहीं. अर्ध्या शक्तीचा नियम जिला पाळतांच येत नाहीं, तिचें दुखणें लांबलें तर त्याचा दोष तिच्या प्रकृतीस देणें हा शुद्ध अन्याय होय. तिजकडे नोकरी व संसार असे दोन भार असतील तर बोलावयासच नको. आमची सूचना अशी : ज्या दिवशीं ताप उतरेल त्याच दिवशीं घरांतील कर्त्या माणसानें पुढील चार आठवड्यांच्या कामांची वांटणी कागदावर लिहून काढावी, व त्या कागदावर तिच्या विश्रांतीची आणि चालण्याची वेळ औषधाच्या वेळेप्रमाणेंच स्पष्ट मांडावी. पाणी भरणें, बाजारहाट, सकाळचा चहा, मुलांचा अभ्यास, यांपैकीं कोणतेंहि काम पुरुषांस अशक्य नाहीं. सासूबाईंनीं ‘जा, फिरून ये’ एवढे शब्द स्वतः उच्चारले तर त्यांचें बळ कोणत्याहि टॉनिकाहून अधिक आहे.

तरुणांस सांगावयाचें तें धीराविषयीं. लोकमान्य टिळकांनीं डेक्कन कॉलेजांतील आपलें पहिलें वर्ष प्रकृति कमावण्यास दिलें, व त्यापायीं अभ्यास मागें पडला तरी पर्वा केली नाहीं, ही कथा घरोघर सांगितली जाते. त्यांतील वर्ष हा शब्द मात्र ऐकणारे विसरतात. ज्यास एक महिनाहि दम धरवत नाहीं, त्यानें ती गोष्ट दुसऱ्यास सांगूं नये.

शेवटीं एक सावधगिरी. कांहीं थोड्या रोग्यांत, कोविडनंतर विशेषतः, असें आढळतें कीं हलका श्रम केला तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं ते अगदीं गळून जातात; बुद्धि मंदावते, झोंपेनेंहि थकवा जात नाहीं. अशांस ‘आळस झटक’ म्हणून उठविणें घातक आहे. दीर्घ थकव्याच्या विकारांत ठराविक प्रमाणांत व्यायाम वाढवीत नेण्याची जी पद्धत पूर्वीं सांगत, ती इंग्लंडांतील अधिकृत मार्गदर्शनानें २०२१ सालीं मागें घेतली. त्यांनीं आपल्या शक्तीच्या मर्यादेंत राहून, श्रम व विश्रांति यांचा मेळ घालीत, जाणत्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीं चालावें. त्यांच्या शब्दांवर घरानें विश्वास ठेवावा, हीच त्यांची निम्मी चिकित्सा.

ज्यांच्या घरीं आज कोणी दुखण्यांतून उठत असेल, त्यांनीं आज संध्याकाळींच एक करावें : त्या माणसाच्या शेजारीं जाऊन ‘चल, अंगणापर्यंत जाऊं’ असें म्हणावें, अंगण नसेल तर गॅलरीपर्यंत. तेवढें चालून झालें कीं पुरे. दुसरे दिवशीं पुन्हां तेंच करावें.